चाल बांधणाऱ्याचे नाव

महाराष्ट्राने गायक दिले, कवी दिले, नट दिले. पण स्वतंत्र प्रतिभेचा संगीतकार फारसा दिला नाही, असे मत आपल्याकडे चांगली जाणती मंडळीही मांडतात. त्यासाठी तीन मुद्दे पुढे केले जातात. पहिला असा की, आपल्या पारंपरिक चाली लोकांच्या, म्हणजे कुणाच्याच नाहीत. त्या उचलून शब्द बसवले की गाणे होते, त्यात रचना कसली? दुसरा, संगीतातले खरे प्रयोग पश्चिमेत झाले, आपल्याकडे झाली ती उसनवारी. तिसरा, जे लोकप्रिय झाले ते बाजारासाठी केलेले होते, त्यामुळे कलेच्या हिशेबात ते धरायचे कारण नाही. या तीन मुद्द्यांनी मिळून मराठी संगीतकाराला तिन्ही घरांतून बाहेर काढले आहे. परंपरेत त्याची गरज नाही, प्रयोगात त्याची पोच नाही आणि लोकप्रियतेत त्याला प्रतिष्ठा नाही. मला हे तिन्ही मुद्दे चुकीचे वाटतात. त्यांचा तोटा कुणाला होतो, हे कोकणातल्या तळा या गावी फार स्पष्ट दिसते. म्हणून हा प्रतिवाद.

विरोधी मत अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करतो. आपले रागसंगीत गाणाऱ्याच्या गळ्यात घडते. एकच बंदिश दोन गायकांनी गायली तर ती दोन वेगळी गाणी वाटतात. युरोपात जशी पूर्ण स्वरलिपी कागदावर उतरते आणि वादक ती वाचून वाजवतात, तशी व्यवस्था आपल्याकडे नव्हती. शिवाय मराठी रसिकाचे कान शब्दाकडे लागलेले. कविता आवडली की गाणे आवडले. या परिस्थितीत संगीतकार मागे राहतो, हे खरे. पण एवढ्यावरून इतकेच सिद्ध होते की आपला संगीतकार वेगळ्या पद्धतीने काम करतो. तो काम करतच नाही, असे त्यातून कसे निघते?

आता परंपरेपासून सुरुवात करू, आणि तीही तळ्यातून. मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडला की रस्ता तळ्याकडे वळतो. तळगडाच्या पायथ्याचे हे गाव आणि भोवतीच्या वाड्या मिळून रायगड जिल्ह्यातला एक लहान तालुका होतो. इथल्या घराघरातले कुणीतरी मुंबईला असते आणि गणपतीला ते येतेच. त्या दिवसांत अंगणात जाखडी रंगते. मधोमध शाहीर, त्याचा शब्द झेलणारे कोरसवाले, ढोलकी आणि झांज. भोवती रिंगण धरून नाचणारे, पायात चाळ. आधी गण, मग गवळण, मग सवाल. एक बाजू शक्तीची, दुसरी तुऱ्याची. शक्तीवाला प्रकृतीला थोर म्हणतो, तुरेवाला पुरुषाला. पुराणातले कोडे घालायचे आणि समोरच्याने ते गाण्यातूनच सोडवायचे. मुंबईत गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी कामगारांनी ही कला बरोबर नेली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी शक्ती-तुऱ्याचे सामने तिकीट लावून होऊ लागले.

या खेळातली गाणी वडिलोपार्जित जमिनीसारखी आपोआप हातात येत नाहीत. शाहीर हंगामाच्या आधी महिनोन्‌महिने गाणी बांधतो. कोणते आख्यान घ्यायचे, सवाल कुठे टाकायचा, कोरसने कुठे उचलायचे, लय कुठे दुप्पट करायची, हे सगळे तो ठरवतो. कधी तो सिनेमातली चाल घेतो, आणि टीकाकार नेमके यावर बोट ठेवतात. पण घेतलेली चाल जाखडीत जशीच्या तशी उभी राहत नाही. कोरसला झेलायला जागा लागते. नाचणाऱ्यांच्या पायांना ठेका लागतो. सवालातला एकही शब्द बुडून चालत नाही, कारण तो बुडाला तर समोरचा शाहीर जवाब कशाचा देणार? म्हणून चालीतल्या हरकती काढाव्या लागतात, ओळी तोडाव्या लागतात, शेवटाकडे लय चढवावी लागते. आधीच्या सामग्रीतून नव्या प्रयोजनासाठी नवा आकार घडवणे यालाच जगभर संगीतरचना म्हणतात.

आणि जाखडी निनावी नसते. गाण्याच्या अखेरच्या कडव्यात शाहीर आपल्या गुरूचे नाव घेतो, गावाचे घेतो आणि आपलेही घेतो. ती त्याची सही असते. समोरचा शाहीर त्या सहीलाच आव्हान देतो. जुन्या लावणी-पोवाड्यांतही हीच रीत होती. रामजोशी, परशराम, सगनभाऊ यांच्या रचना आपण आज त्यांच्या नावांनी ओळखतो, कारण त्यांनी ती नावे रचनेतच गुंफली. त्यांच्यातले एक उदाहरण तर माझ्या मुद्द्याला थेट भिडते. होनाजी शिलारखाने कवने रचत आणि बाळा करंजकर ती गात. या जोडीची नाममुद्रा ‘होनाजी बाळा’ अशी आहे. शब्द बांधणारा आणि त्यांना सूर देणारा असे दोघे एका सहीत शेजारी बसले. पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहिरांना जे कळत होते, ते ध्वनिमुद्रणाच्या युगात आपण विसरलो. गावच्या शाहिराने केलेले गाणे कुणी मोबाइलवर टिपतो, कुणी त्याला नवा ठेका लावून विकतो, आणि रचनाकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो. शेवटचे कडवे कापले की सहीही जाते.

तळ्याजवळ, राजपुरी खाडीच्या अंगाला, कुडा लेणी आहेत. सव्वीस बौद्ध लेण्यांचा हा समूह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि ती केवळ राजांची नाहीत. महाभोजांच्या पदरी असलेल्या लेखकाचे कुटुंब आहे, वैद्याचे घर आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. एके ठिकाणी तर लेणे कुणाचे आणि त्यातले कोरीव काम कुणाचे दान, हेही वेगवेगळे सांगितले आहे. ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नी चालवली त्या कारागिरांची नावे मात्र त्यात नाहीत. पैसा देणाऱ्याचे नाव टिकते आणि घडवणाऱ्याचे पुसले जाते, ही गोष्ट आपल्या परिसराला जुनीच माहीत आहे. तेव्हाच्या पाथरवटांसाठी आता काही करता येणार नाही. आज जिवंत असलेल्या शाहिरासाठी मात्र करता येते.

‘पारंपरिक’ म्हणून जे आपण ऐकतो त्यातले किती तरी कुणी तरी ठरवून, विचारपूर्वक रचलेले आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. तो तुकोबांचाच आहे असे समजून लोकांनी गाथेत शोधाशोध केली. वारकऱ्यांच्या कानांनीही तो आपला मानला. आठवल्यांचे कौतुक त्यानंतर होत राहिले, आणि ते योग्यच आहे. पण केवळ शब्द तुकोबांसारखे असते आणि सूर नाटकी असते, तर हा भ्रम टिकला असता का? भजनाच्या चालीचा बाज, तिचा साधेपणा, टाळांच्या अंगाने जाणारी लय हे सगळे भोळ्यांनी जाणून रचले. परंपरेत इतके बेमालूम मिसळणारे नवे सूर घडवायला परंपरा आतून माहीत असावी लागते.

कोकणच्या किनाऱ्यावर याहून जवळचे उदाहरण आहे. शांता शेळके यांची कोळीगीते हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केली. लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांच्या आवाजात ती घरोघरी गेली. आज मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला लग्नाच्या मांडवात, हळदीला, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती वाजतात आणि नवी पिढी त्यांना आजोबांच्या काळापासून चालत आलेली गाणी समजते. होडीच्या वल्ह्यांची लय हृदयनाथांनी कोळीवाड्यातून घेतली असेल. ते गाणे मात्र त्यांनी घडवले. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचेही तसेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. ‘वंदे मातरम्’ला राष्ट्रगीताचा मान मिळावा म्हणून ज्यांनी चालीनिशी लढा दिला, तेच हे मास्तर. प्रार्थना म्हणणाऱ्याला चाल कुणी बांधली हे आठवण्याची गरज वाटत नाही, हे समजू शकते. समीक्षकाला आणि इतिहासकाराला ती सूट नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. जात्यावरच्या ओव्या, गौरीची गाणी, फुगडीची गाणी यांना एक कर्ता खरोखर सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी त्यांत भर घातली, काटछाट केली. तिथे ‘पारंपरिक’ हा शब्द सत्य सांगतो, आणि तो मानाने वापरावा. माझा विरोध त्या शब्दाच्या आळशी वापराला आहे. कर्ता सापडत नाही आणि कर्ता शोधला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला पहिलीचे नाव देऊन आपण जिवंत माणसांना इतिहासजमा करतो.

उसनवारीचा आरोप नाट्यसंगीतावर सगळ्यात मोठ्याने होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणले तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली आणि कर्नाटकी वळणाची पदे त्यांनी एकत्र केली. १९११ मध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या तेव्हा उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग मराठी रंगभूमीवर आला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाची भारदस्त बंदिश दिली. आक्षेप असा की, मूळ चिजा तयारच होत्या. होत्या ना! पण मैफलीतली चीज दोन ओळींची असते आणि ती तासभर फुलवता येते. नाटकातल्या पदाला पात्र असते, प्रसंग असतो, पुढच्या संवादाकडे जायचे असते. खाडिलकरांच्या नायिकेच्या मनातली कोणती ओढ कोणत्या रागात बोलेल, हे ठरवणे म्हणजे नाट्याचा अर्थ लावणे. टेंबे आणि बखले यांनी तो इतका अचूक लावला की पुढे पन्नास-साठ वर्षे मैफलीचा गायक नाट्यपद गायल्यावाचून उठेना. उत्तरेतून आलेली चीज मैफलीत पुन्हा परतली ती मराठी होऊन.

आता प्रयोगाकडे वळू. मराठी संगीतकाराने प्रयोग केला नाही असे जे म्हणतात, त्यांनी १९३३ चे ‘आंधळ्यांची शाळा’ आठवावे. नाट्यमन्वंतरच्या या नाटकात केशवराव भोळ्यांनी पदांचा महापूर थांबवला आणि मोजकी, प्रसंगातून उगवणारी भावगीते ठेवली. तीन-तीन तास गाणी ऐकायची सवय लागलेल्या प्रेक्षकासमोर संगीतकाराने संगीत कमी करणे, याला धाडस लागते. १९३७ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’त भोळे आणखी पुढे गेले. त्या चित्रपटात पार्श्वसंगीतच नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज हेच त्याचे ध्वनिविश्व. जिचे लग्न फसवून म्हाताऱ्याशी लावून दिले आहे त्या मुलीच्या घुसमटीवर व्हायोलिनचा मुलामा चढवायचा नाही, हा निर्णय संगीतकाराचा आणि दिग्दर्शकाचा. रोजच्या आवाजांना संगीताच्या जागी बसवण्याची ही कल्पना पुण्यात प्रत्यक्षात आली, तीही सुमारे नव्वद वर्षांपूर्वी आणि थेट तिकीटबारीवर. तिला उसनी म्हणायचे असेल तर ती कुणाकडून उसनी घेतली तेही सांगावे.

दुसरे उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे हे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शक जब्बार पटेल, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, संगीत भास्कर चंदावरकर. चर्चा आजवर तेंडुलकरांची आणि नाना फडणविसांच्या चित्रणाची झाली. पण डोळे मिटून हे नाटक ऐका. नमन, कीर्तन, अभंग, लावणी असे एकामागोमाग एक येतात आणि प्रत्येक प्रकार आपल्या आधीच्याला खोटे पाडतो. भक्तीच्या सुरात सत्तेची हाव बोलते, शृंगाराच्या ठेक्यावर क्रौर्य नाचते. रंगमंचावर नटांनी केलेली माणसांची भिंत सरकते ती तालावर, उघडते ती तालावर. संगीत काढले तर संहितेचा अर्धा अर्थ निघून जाईल. चंदावरकर पंडित रविशंकरांचे सतारीतले शिष्य आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे अभ्यासक. जगभरचे संगीत त्यांनी ऐकले होते, शिकवले होते. आणि प्रयोग करायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोकण-देशावरचे लोकप्रकार हाताशी धरले. १९८० मध्ये थिएटर अकॅडमीने हे नाटक युरोपात नेले तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी एक पूर्ण नवी संगीत-रंगभाषा पाहिली.

आनंद मोडकांनी त्याच वाटेवर सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तनाचा साज मरणाच्या गोष्टीला चढवला. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून रचलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तर तमाशा, नाट्यपद आणि पाश्चात्त्य रॉक एकाच रंगमंचावर नांदले. जितेंद्र अभिषेकींकडे पाहा. गोव्यातल्या मंगेशीच्या या गायकाने १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ला चाली दिल्या आणि मरगळलेल्या नाट्यसंगीतात नवा प्राण आला. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त संगीत हाच कथाविषय होता. दोन घराण्यांचा संघर्ष ऐकणाऱ्याला कळायचा तर दोन्ही गायक्या सुरांतून वेगळ्या उभ्या राहायला हव्यात. खाँसाहेबांची आक्रमक तानबाजी आणि पंडितजींची निवळशंख भक्ती अशी दोन स्वतंत्र विश्वे अभिषेकींनी एकट्याने रचली. कादंबरीकाराने दोन पात्रांना दोन बोली द्याव्यात, तसे हे काम. कादंबरीकाराला आपण निर्माता म्हणतो. अभिषेकींना ‘चाली देणारे’ म्हणून का थांबतो?

कोकणचेच आणखी एक नाव घेतो. कुडाळजवळच्या सोनवडे गावात १९१२ साली जन्मलेले वसंत देसाई. ‘अमर भूपाळी’ आणि ‘श्यामची आई’ मराठीत, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘गूँज उठी शहनाई’ आणि ‘गुड्डी’ हिंदीत. शिवाय शाळकरी मुलांच्या मोठमोठ्या समूहांकडून त्यांनी समूहगान बसवले. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, तेव्हा त्यांनी म्हटलेली कांचीच्या परमाचार्यांची संस्कृत मैत्रीप्रार्थना देसायांनी स्वरबद्ध केलेली होती. ती प्रार्थना लिहिणारे तामिळ देशाचे, गाणाऱ्या तामिळ देशाच्या आणि सूर कुडाळच्या माणसाचे. महाराष्ट्रातल्या किती शाळांत हे सांगितले जाते?

तिसरा मुद्दा लोकप्रियतेचा. लोकांना आवडले म्हणजे उथळ, असे मानणाऱ्यांनी ‘गीतरामायणा’चे काय करायचे ते सांगावे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकर लिहीत आणि सुधीर फडके लागलीच चाल देत. आठवडाभरात कविता यायची, चाल व्हायची, वाद्यमेळ जमायचा, गायक ठरायचा. अशा घाईत छप्पन्न वेगवेगळे भाव, पात्रांनुसार बदलणारे राग आणि लोकधाटीच्या चाली, तरीही सगळ्यांना जोडणारे एक सूत्र. इतक्या मोठ्या लांबीची आखीव संगीतरचना कोणत्याही भाषेत अभिमानाने सांगावी अशी आहे. ती लोकांना आवडली, हा तिचा दोष कसा?

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे तर उथळपणाच्या आरोपाचे लाडके लक्ष्य. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी जॅझचा ठेका आणला. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ त्यांच्या सोबतीला होते. त्याच संगीतकाराने दोन वर्षांनी ‘अनारकली’ केला, ज्यात जॅझचा मागमूस नाही. दोन्ही तेवढ्याच ताकदीने. इथे गोव्याच्या वादकांचे ऋण वेगळे सांगितले पाहिजे. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही माणसे मुंबईच्या स्टुडिओंत आली आणि वाद्यमेळाची लिखित रचना त्यांनी उभी केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यांचे नाव आज देशाला माहीत आहे ते एका चित्रपटातल्या पात्राचे नाव म्हणून. शिष्य आणि संगीतकार प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती. पण आपण मानवंदना लक्षात ठेवली आणि गुरूच्या रचना विसरलो.

लावणीतही असेच. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ला वसंत पवारांचे संगीत, १९७२ च्या ‘पिंजरा’ला राम कदमांचे. लावणी म्हटली की नर्तिका आठवते, गायिका आठवते, कवी आठवतो. ढोलकीच्या तोड्याला मेलडीच्या ओळीत कुठे जागा द्यायची, हे ज्यांनी ठरवले ते मागच्या बाकावर. अगदी अलीकडचे पाहायचे तर अजय-अतुल. ‘जोगवा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि त्याच चित्रपटात गावच्या जत्रेतला ठेकाही ठेवला. हे संगीत पारंपरिक, प्रायोगिक की लोकप्रिय? एकाच कामात तिन्ही असतील तर त्या तीन कप्प्यांचा उपयोग काय, हे मला विचारायचे आहे.

या कप्प्यांनी केवळ समीक्षाच बिघडवली असे नाही, कायदाही बिघडवला होता. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगीतकृतीची व्याख्या छापलेल्या किंवा लिपीत उतरवलेल्या स्वरांपुरती होती. म्हणजे ज्याला स्वरलिपी लिहिता येत नाही, त्याची चाल कायद्याच्या दृष्टीने नव्हतीच. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक शाहीर, कीर्तनकार आणि भजनीबुवा त्या व्याख्येबाहेर पडत होता. १९९४ च्या दुरुस्तीने हे बदलले. संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते लिपीत उतरवलेले असो वा नसो, असे कायदा आता म्हणतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्यापासून कराराने हिरावून घेता येणार नाही अशी तरतूद केली. चाल बांधणे ही निर्मिती आहे, हे संसदेने मान्य करून तीस वर्षे होऊन गेली. आपल्या रसिकांनी आणि समीक्षकांनी ते अजून मनापासून मान्य केलेले नाही.

हे सगळे असेच असायला हवे असे नाही, याचे एक उदाहरण फिलिपिन्समध्ये आहे. स्पॅनिश राजवटीत चर्चच्या शाळांतून संगीत शिकलेल्या तिथल्या वादकांनी गोवेकरांसारखीच आशियातली हॉटेले आणि बँड गाजवले. निकानोर अबेलार्दो आणि फ्रान्सिस्को सांतियागो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कुंडिमान’ या लोकगीतप्रकाराला मैफलीच्या गाण्याचे रूप दिले. आपल्याकडे भावगीताने जे केले त्याच्या जवळचे काम. पुढे होसे मासेदा झाले. पॅरिसला पियानो शिकलेला हा माणूस परत येऊन खेड्यापाड्यांतले, डोंगरी जमातींचे संगीत ध्वनिमुद्रित करत हिंडला, आणि त्यातून त्याने नवे संगीत रचले. १ जानेवारी १९७४ रोजी मासेदांची ‘उग्नायान’ ही रचना मनिलातल्या वीस रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी प्रसारित झाली. प्रत्येक केंद्रावर वेगळा भाग होता आणि लोकांनी आपापले रेडिओ चौकात आणून ते जुळवले. त्या देशाने १९७२ मध्ये ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान सुरू केला. लोकनृत्यांच्या संगीताला नवा वाद्यमेळ देणाऱ्या लुक्रेसिया कासिलाग, प्रयोगशील मासेदा आणि रेडिओवर, रंगभूमीवर लोकप्रिय झालेले रायन कायाब्याब या तिघांनाही तो मिळाला. एकच सन्मान, एकच प्रवर्ग: संगीत. मासेदांचा ध्वनिमुद्रणांचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाला आहे, कारण तो कुणी, कुठे, कुणाकडून टिपला याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. फिलिपिन्स हा काही फार श्रीमंत देश नाही. त्यांनी फक्त हे काम महत्त्वाचे मानले.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गोड भाषेत येतो. नाव हवे कशाला? गाणे टिकले, लोकांच्या ओठी राहिले, यातच कलावंताचे सार्थक नाही का? हा आक्षेप घेणारे सहसा स्वतःच्या लेखाखाली नाव लिहितात. निःस्पृहतेचा उपदेश नेहमी दुसऱ्याला, आणि त्यातही ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याला केला जातो. नाव लिहिल्याने शाहिराला बोलावणे येते, मानधन मागता येते, त्याच्याकडे शिकायला मुले येतात, आणि पंचवीस वर्षांनी कुणी अभ्यास करायला बसला तर त्याला धागा सापडतो. नाव पुसले की हे चारही रस्ते बंद होतात. परंपरा अशीच मरते. तिला पुढे नेणारा माणूस कंटाळून दुसऱ्या कामाला लागतो आणि आपण म्हणतो, काळ बदलला.

म्हणून माझे मागणे तळ्यातल्या, रायगडातल्या आणि सगळ्या महाराष्ट्रातल्या मंडळांना, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना आणि समीक्षकांना आहे. जाखडीच्या कार्यक्रमाच्या फलकावर शाहिराबरोबर त्या वर्षीची गाणी कुणी बांधली ते लिहा. मोबाइलवर टिपलेले गाणे पुढे पाठवताना शेवटचे कडवे कापू नका. शाळेत कोळीगीत बसवले तर सूत्रसंचालकाने कवी आणि संगीतकार दोघांची नावे घ्यावीत. आकाशवाणीवर ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे, त्यात अवघड काही नाही. समीक्षकांनी ‘घाशीराम’वर, ‘कुंकू’वर, ‘कट्यार’वर लिहिताना संगीताला एका ओळीचा मान देऊन थांबू नये. चालीचा कर्ता खरोखर सापडत नसेल तरच ‘पारंपरिक’ म्हणा. सापडत असताना ते नाव गाळणे ही चोरी आहे, आणि ती थांबवणे आपल्या हातात आहे.